विविधतेची माहिती वेगळ्या फॉर्ममध्ये घ्या

नोकरीच्या अर्जातच जात, धर्म, दिव्यांगत्व विचारलं की उमेदवार बिचकतात, आणि अर्ज चाळणाऱ्याची नजरही आधी तिकडेच जाते. म्हणून गूगल फॉर्म दोन करायचे.

१. मुख्य अर्जात फक्त कामाचं: शिक्षण, अनुभव, बायोडेटा.
२. दुसऱ्यात नाव नाही, मोबाइल नंबर नाही. सेटिंग्जमध्ये ईमेल गोळा करणं बंद. प्रत्येक प्रश्नाला 'सांगायचं नाही' हा पर्याय हवाच.
३. या दुसऱ्याची लिंक पहिल्या फॉर्मच्या 'तुमचा अर्ज मिळाला' या संदेशात टाका. अर्ज तोवर गेलेला असतो, त्यामुळे लोक मोकळेपणाने भरतात.

मुलाखतीला रॅम्प किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषा लागेल का, हे मात्र मुख्य अर्जातच विचारा. निनावी उत्तरावरून सोय कोणाची करणार?

आणि पाच-सहाच अर्ज येणार असतील तर दुसरा फॉर्म ठेवूच नका. कोणी काय लिहिलंय ते लगेच ओळखू येतं.