परदेशात राहून फ्रीलान्स चित्रं काढायची असतील तर

आधी पासपोर्टमधला व्हिसा नीट वाचा. डिपेंडंट किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर ‘घरी बसून चित्रंच तर काढतेय’ हे उत्तर चालत नाही; बऱ्याच देशांत स्वतंत्र कामालाही परवानगी लागते. जर्मनीत चित्रकाराला ‘फ्रायबेरूफ्लर’ (स्वतंत्र व्यावसायिक) म्हणून कर कार्यालयात नोंद करता येते, पण राहण्याच्या परवान्यावर तशी मुभा लिहिलेली हवी.

मग कर. वर्षात १८३ दिवसांहून जास्त मुक्काम झाला की बरेच देश तुम्हाला आपला करदाता धरतात, त्यामुळे दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे का ते पाहून ठेवा. अमेरिकन प्रकाशक डब्ल्यू-८बेन नावाचा, तुम्ही अमेरिकेचे करदाते नाही असं सांगणारा फॉर्म मागेल. कंटाळा करू नका. तो नसेल तर रॉयल्टीतून ३० टक्के कापले जाऊ शकतात. सही केलेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं तो चालतो, तेव्हा संपायची तारीख कॅलेंडरवर टाका. कामाचं बँक खातं वेगळं, आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला. बिलं तीस-साठ दिवसांनी भरली जातात, तीही आठवण करून दिल्यावर.

पोर्टफोलिओत बारा-पंधरा चित्रं पुरेत, आणि पुन्हा करायला आवडेल असंच काम त्यात ठेवा. मी सुरुवातीला पैशासाठी केलेले लोगो त्यात घातले आणि दोन वर्षं मला लोगोच करावे लागले. मुलांच्या पुस्तकांकडे जायचं असेल तर एकच पात्र रडताना, पळताना, पाठमोरं असं काढून दाखवा. आर्ट डायरेक्टर सुंदर चित्राइतकंच हेही बघतात, की सोळाव्या पानावरची मुलगी तिसऱ्या पानावरचीच वाटते का. १९६४ साली सुरू झालेल्या, इटलीतल्या बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात चित्रकार आपली कार्डं लावतात अशी एक भिंत असते. तिथे जाणार असाल तर कार्डं भरपूर छापून न्या.

खरा वेळ कराराला द्या. १८८६च्या बर्न करारामुळे सदस्य देशांत चित्र काढल्याक्षणी, नोंदणीशिवाय, कॉपीराइट तुमचा होतो. पण सही करून तो देऊन टाकणं फार सोपं आहे. ‘वर्क फॉर हायर’ (म्हणजे कॉपीराइट काम देणाऱ्याचा) हे शब्द दिसले की पेन खाली ठेवा आणि विचारा: चित्र कशावर छापणार, कुठल्या देशांत, किती वर्षं? पुस्तकासाठी दिलेलं चित्र उद्या दप्तरावर आलं तर त्याचे पैसे वेगळे. कच्च्या रेखाटनाला दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, रंग झाल्यावर एक, पुढचं बिलात. अर्धे पैसे आगाऊ. काम मध्येच बंद पडलं तर किती मिळणार, तेही लिहून घ्या. त्याला ‘किल फी’ म्हणतात, आणि ती मागितल्याने कुणी दुखावत नाही.

फाइलची तयारी छापखान्याच्या नजरेने करा: ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके), कडेला ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून जास्तीचं चित्र), रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत. स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर मळकट उतरतो, म्हणून एकदा तरी प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, मागवाच. अक्षरं चित्रात मिसळू नका. वेगळ्या लेअरवर, फक्त काळ्या रंगात ठेवा. दुसऱ्या भाषेची आवृत्ती निघते तेव्हा तेवढी काळ्या शाईची छपाईची प्लेटच बदलता येते. आणि जोडपानाच्या मधोमध कुणाचं तोंड काढू नका. माझ्या पहिल्या पुस्तकातल्या आजीचं नाक शिलाईत गेलं. हातात आलेल्या प्रतीत दोन डोळे दोन पानांवर, मध्ये नुसता दोरा. आई म्हणाली, ‘तिला चष्मा लावला असतास तर खपलं असतं.’

फाइलींच्या प्रती ठेवायला हार्ड डिस्क दोन घ्या, आणि दुसरी दुसऱ्याच कुणाच्या घरी ठेवा.