जुना ट्रक चढाला ओढत नाय? पंप उतरवायच्या आधी एवढं बघा

गळीत हंगाम जवळ आला की आमच्या सातारा-सांगली भागात गॅरेजवर एकच तक्रार ऐकू येते, गाडी रिकामी पळते पण माल भरला की ओढत नाय. आणि बऱ्याच ठिकाणी पहिलं उत्तर ठरलेलं, पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा) काढा. माझं कळकळीचं सांगणं आहे की पंपाला सगळ्यात शेवटी हात लावा. हे सगळं जुन्या, साध्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांबद्दल लिहितोय.

आधी इंजिनच कमी पडतंय का ते ठरवा. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी सोडा, लगेच थांबत असेल तर कुठलं तरी ब्रेक लायनर ड्रमला धरतंय. ब्रेक फारसा न मारता पाच-सहा किलोमीटर चालवून प्रत्येक ड्रमजवळ हात न्या (टेकवू नका, भाजेल), एखादाच जास्त तापला असेल तर दोष तिथं सापडला. चढाला रेस वाढते पण स्पीड वाढत नाही आणि जळका वास येतो म्हणजे क्लच स्लिप. आणि एकाने एक्सिलरेटरचं पॅडल पूर्ण दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली पंपाचा लिव्हर शेवटपर्यंत जातोय का बघायचं. लिंकेज झिजून लिव्हर अर्ध्यावरच थांबणाऱ्या कितीतरी गाड्या असतात, हे दोन मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाय.

आता धूर बघा, गाडी लोडवर चढाला असताना, उभ्या गाडीचा नको.

काळा धूर म्हणजे डिझेल येतंय पण हवा कमी पडतीय. एअर क्लिनर काढून बघा, उसाच्या फडात नि कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर लवकर भरतो. टर्बोची (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याची) गाडी असेल तर टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपापर्यंतचे) रबरी होस हाताने दाबून बघा, चीर असेल तिथं तेलकट काळपट डाग दिसतो आणि लोडवर शिट्टीसारखा आवाज येतो. एक्झॉस्ट ब्रेकची (धुराच्या पाइपातली) पाकळी अर्धी मिटून अडकली असेल तरी इंजिन गुदमरतं, ती हाताने पूर्ण उघडतीय का बघा. हवा सगळी ठीक असूनही काळाच धूर असेल तर मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतं ते).

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा, व्हॉल्व्ह गाइड नाहीतर टर्बोचं सील. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर पंपाचं टायमिंग किंवा नोझल बघा, आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.

पण सगळ्यात फसवणारी केस म्हणजे धूरच नाही आणि ताकदही नाही. म्हणजे इंजिनला डिझेलच पुरत नाय. आयडलला डिझेल अगदी थोडं लागतं त्यामुळं अर्धा चोक झालेला फिल्टरही चालून जातो, घाटात पूर्ण मागणी आली की मग पुरवठा तुटतो. माझ्या गाडीला हेच झालं होतं, चिपळूणहून चिरा भरून कुंभार्ली घाट चढताना गाडी दुसऱ्या गियरवरून वर जाईना, पंप काढून कॅलिब्रेशन करून आणला, आठवडा आणि पैसे दोन्ही गेले आणि गाडी होती तशीच. मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देतो त्याची) टाकीकडची नळी सोडवली आणि स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये दुसरी नळी टाकून जोडली. गाडी तीच, माल तोच, आणि घाट सरळ चढली. टाकीतल्या सक्शन पाइपची जाळी गंज आणि गाळाने भरली होती.

ही टेस्ट तुम्हीही करा, फक्त कॅन सायलेन्सरपासून लांब आणि नीट बांधलेला पाहिजे. कॅनवर गाडी ओढली तर दोष टाकीकडं: जाळी, पिचकलेली नळी, नाहीतर हवा धरणारा जॉइंट. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं तरी असंच होतं, झाकण सैल करताना फुस्स आवाज आला तर तेच. कॅनवरही ओढत नसेल तर फीड पंपाची जाळी धुवा, डिझेल फिल्टर बदला, हातपंपाने एअर काढा. टर्बो गाडीत मॅनिफोल्डवरून पंपाच्या डबीला जाणारी बारीक नळीही बघा, ती तुटली तर पंप डिझेल वाढवतच नाही.

इंजिन थरथरत असेल तर आयडलला एकेका नोझलचा पाइपनट किंचित सैल करा, आवाज बदलला नाही तो सिलिंडर काम करत नाय. चेहरा आणि हात लांब ठेवा. कॉमन रेल (नव्या, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या) गाडीवर हे अजिबात करायचं नाही, तिथं हजार बारच्या वर प्रेशर असतं, डिझेल कातडीत घुसतं.

नंतर टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅप, मग कम्प्रेशन, आणि एवढं सगळं बरोबर निघालं तरच पंप उतरवा.