चापड्याच्या रानात फिरताना या चुका टाळा

पाय आपटत चाला, साप आपोआप बाजूला होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. सह्याद्रीतल्या मलबारी चापडा या विषारी सापापुढे हा सल्ला कमी पडतो, कारण हा साप सहसा हलतच नाही. ओढ्याकाठच्या झुडपात, कधी गुडघ्याएवढ्या तर कधी कमरेएवढ्या उंचीवरच्या फांदीवर तो बेडूक-पालींची वाट बघत बसतो. एकाच जागी कित्येक दिवस बसलेला सापडतो. म्हणजे धोका पायापेक्षा हाताला जास्त. आंबोलीच्या निसरड्या पायवाटेवर तोल गेला की हात जवळच्या फांदीकडेच जातो. रात्री तर बॅटरी जमिनीवर आणि हात अंधारात! काठी बाळगा, आधार तिचाच घ्या आणि उजेड फांद्यांवरही फिरवत चला.

चापडा म्हणजे हिरवाच, हाही गैरसमज. मलबारी चापडा हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळा आणि नारिंगीसुद्धा असतो. शेवाळलेल्या एका खोडाकडे मी बराच वेळ नुसता बघत होतो. पावसाचे थेंब खवल्यांवर ओळीने थांबलेले दिसले, तेव्हा कुठे कळलं की समोर साप आहे.

उलट, हिरवा दिसला की हरणटोळ हा सौम्य विषाचा साप समजून हात घालणारेही भेटतात. हरणटोळ दोरीसारखा बारीक, तोंड टोकदार, डोळ्याची बाहुली आडवी. चापड्याचं डोकं रुंद आणि त्रिकोणी, मान बारीक, बाहुली उभी. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक खळगा असतो. त्यातून त्याला उष्णता जाणवते, त्यामुळे अंधारातही तुमचा हात त्याला कळतो. खात्री करायला जवळ जाऊ नका, कॅमेऱ्याचा झूम वापरा.

सगळ्यात जास्त राग येतो तो फोटोसाठी फांदी वाकवणाऱ्यांचा. काठीने उचलून 'चांगल्या' फांदीवर ठेवलेला चापडा शिकारीची निवडलेली जागा गमावतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सापाला असं छेडणं गुन्हा आहे.

चावलाच तर आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं यातलं काहीही करू नका. आपल्याकडचं सर्पदंशावरचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बनतं. चापड्याचं विष त्यात नाही. म्हणून त्यासाठी डॉक्टरांकडे हट्ट नको, पण दवाखाना टाळणंही नको. या सापाच्या दंशाने मृत्यू क्वचितच होतो, तरी वेदना आणि सूज भयंकर असते, आणि अंधारात चावलेला साप दुसराच निघू शकतो. साप मारून सोबत नेऊ नका. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, नाही तर त्यात वेळ घालवू नका. अंगठी, कडं, घड्याळ सूज चढायच्या आत काढा, हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा, आणि चावल्याची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा.