परदेशी जाताना फोनमध्ये फक्त मुक्त सॉफ्टवेअर आहे? मग या चुका टाळा

लिनिएजओएस किंवा ग्राफीनओएस ही अँड्रॉइडवर आधारलेली मुक्त (कोड सगळ्यांना खुला असलेली) प्रणाली टाकलेला, गूगलचं खातं न जोडलेला, सगळी ॲप एफ-ड्रॉइड या मुक्त ॲपच्या भांडारावरून घेतलेला फोन ठाण्यात-वाशीत आरामात चालतो. अडलंच तर रिक्षावाल्याला पत्ता विचारता येतो, खिशात रोख असते, तासाभरात घरच्या वायफायवर पोचता येतं. परदेशात हे आधार एकदम सुटतात आणि सोबतची मंडळी म्हणतात, "साधा फोन आणला असतास तर?" हे ऐकून मला वाईट वाटतं. यातल्या बहुतेक अडचणी घरी बसून आधीच सोडवता येतात. शिवाय इंटरनेट नसताना चालणारी ॲप मुक्त सॉफ्टवेअरमध्ये भरपूर आहेत, आणि प्रवासात नेमकं तेच लागतं.

"नकाशा तिथे उतरल्यावर घेऊ"

विमानतळाच्या फुकट वायफायवर अख्ख्या देशाचा नकाशा उतरत नाही. ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडमध्ये तो घरीच उतरवून ठेवा. पायी फिरणाऱ्याला ऑरगॅनिक मॅप्स पुरतं आणि पटकन उमगतं. ओस्मअँड शिकायला वेळ लागतो, पण त्यात सोयी जास्त. ते एफ-ड्रॉइडवरून घेतलं तर नकाशे किती उतरवायचे याला मर्यादा नाही. राहण्याची जागा, जवळचं स्टेशन, भारतीय दूतावास ही ठिकाणं आधीच खूण करून ठेवा. पत्ता तिथल्या लिपीतही लिहून न्या. जपान किंवा थायलंडमध्ये टॅक्सीवाल्याला तोच दाखवायचा असतो.

यानंतरची तक्रार ठरलेली: परदेशी जमिनीवर उतरलो तरी नकाशावरचा ठिपका अजून नवी मुंबईतच! फोन बिघडलेला नसतो. उपग्रह कुठे आहेत ही माहिती एरवी फोन इंटरनेटवरून काही सेकंदांत मागवतो. गूगलमुक्त फोनवर ही मदत कधी कधी बंद ठेवलेली असते, किंवा उतरल्या उतरल्या इंटरनेटच नसतं. मग फोनला ती थेट उपग्रहांकडून ऐकावी लागते. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण ऐकायला साडेबारा मिनिटं लागतात. इमारतीच्या आत सिग्नल तुटत राहतो आणि ऐकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून उघड्या आकाशाखाली या, एका जागी थांबा, जीपीएसटेस्ट ॲप उघडून किती उपग्रह दिसताहेत ते पाहा. फोन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करू नका. वायफायवरून ठिकाण ओळखणारी मोझिलाची सेवा २०२४ मध्ये बंद झाली. मायक्रोजी (गूगलच्या सेवांचा मुक्त पर्याय) जुनं असेल आणि त्यात अजून तीच निवडलेली असेल तर बदला. बीकनडीबी हा स्वयंसेवकांनी उभारलेला पर्याय आहे.

यूपीआयच्या भरवशावर निघणं

सिंगापूर, यूएई, फ्रान्समध्ये काही ठिकाणी यूपीआय चालतं. पण त्याची ॲप मुक्त नाहीत, आणि बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) दुसरी प्रणाली टाकण्यासाठी उघडलेला दिसला की बँकांची बरीच ॲप सुरूच होत नाहीत. बँकेच्या ॲपला फसवणारी साधनं शोधण्यात लोक संध्याकाळच्या संध्याकाळ घालवतात. माझं स्पष्ट मत आहे, त्या वाटेला जाऊ नका. आज चाललेली युक्ती उद्या बँकेच्या एका अपडेटने बंद पडेल, आणि तेव्हा तुम्ही परक्या गावात असाल.

त्यापेक्षा दोन कार्डं वेगवेगळ्या खिशांत, थोडी रोख, आणि बँकेचं काम ब्राउझरमधल्या नेटबँकिंगवरून. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात. ते आपण चालू करून घ्यायचे असतात आणि त्याला ॲपच हवं असं नाही. नेटबँकिंग, एटीएम किंवा बँकेचा फोन, कशानेही होतं. ओटीपी मात्र भारतातल्या नंबरवरच येणार. त्यामुळे त्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या, प्रीपेडची मुदत परतीच्या तारखेपुढे जाते ना ते पाहा, आणि त्या सिमचा डेटा मात्र बंद ठेवा.

ई-सिम मागवून निश्चिंत होणं

ई-सिमचा (फोनमध्येच बसवलेल्या सिमचा) क्यूआर कोड स्कॅन केला आणि काहीच झालं नाही, असं घडतं. ई-सिमची माहिती (प्रोफाइल) फोनमध्ये उतरवायला एक वेगळा प्रोग्राम लागतो आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये तो बंदिस्त असतो. ओपनईयूआयसीसी हा मुक्त पर्याय आहे, पण फोनमधल्या ई-सिमसाठी तो सिस्टिमचाच भाग म्हणून बसवलेला असावा लागतो. ग्राफीनओएसवर गूगलच्या प्ले सर्व्हिसेसशिवाय ई-सिम चालतं. बाकीच्यांनी सरळ प्लास्टिकचं सिम घ्यावं.

सिम लागलं, दांड्या दिसतात, इंटरनेट नाही? आधी एपीएन (कंपनीच्या इंटरनेटला जोडणारी सेटिंग) पाहा. प्रवासी सिम विकणाऱ्या छोट्या कंपन्यांची एपीएन आपल्या रॉममध्ये (फोनमध्ये टाकलेल्या प्रणालीत) नसू शकतात. ती हाताने भरा. त्यासाठी सिमसोबतचा कागद टाकू नका. मग त्याच सिमसाठी डेटा रोमिंग चालू करा, कारण अशी बरीच सिम स्वतःच रोमिंगवर चालतात.

साध्या फोनकॉलचं गणित अजून अवघड आहे. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांचं ३जी २०२२ मध्ये बंद झालं, सिंगापूरमध्ये २०२४ मध्ये. आता कॉल व्होल्टीवरूनच (४जी नेटवर्कवरून) जातो, आणि पर्यायी रॉमवर व्होल्टी चालेलच असं नाही. याची परीक्षा घरी सोपी आहे. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळे वायफाय बंद ठेवून जिओच्या सिमवरून डायलरने कॉल लागला तर तुमच्या फोनचं व्होल्टी शाबूत आहे. तरी तिथली कंपनी तुमचं मॉडेल स्वीकारते का, ते वेगळं विचारा. काही कंपन्या स्वतःच्या यादीतलेच फोन चालू देतात. शिवाय मोडेमच्या (नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाच्या) आतलं सॉफ्टवेअर जवळजवळ कुठल्याच फोनमध्ये मुक्त नसतं. रेप्लिकंट हे पूर्ण मुक्त रॉम तत्त्वाला इतकं पक्कं आहे की बंदिस्त फर्मवेअर (फोनच्या भागांच्या आतलं सॉफ्टवेअर) सोबत देत नाही, आणि त्यामुळे अनेक फोनांवर आतलं वायफायही चालत नाही. त्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण प्रवासाला निघताना फोनमध्ये काय चालत नाही याची यादी करूनच निघावं.

घरच्यांशी आधी न बोलणं

आई-बाबा व्हॉट्सॲपवर आणि तुम्ही सिग्नल या मेसेज ॲपवर असाल तर सहारच्या विमानतळावर निरोप घेताना त्यांना सिग्नल बसवून देऊ नका. आठवडाभर आधी बसवा, रोज एक कॉल करा, सवय होऊ द्या. जित्सी या व्हिडिओ कॉलच्या मुक्त सेवेच्या मुख्य सर्व्हरवर २०२३ पासून खोली उघडणाऱ्याला लॉगिन लागतं, तेव्हा दुसरा सर्व्हर आधीच ठरवा. मेसेज तासभर उशिरा येत असतील तर त्या ॲपला बॅटरी बचतीतून वगळा. गूगलच्या सूचना सेवेशिवाय ॲपला स्वतः जागं राहावं लागतं. यूएईत इंटरनेट कॉलवर निर्बंध आहेत, तिथे मेसेजवरच भागवा.

तिकिटं पीडीएफमध्ये मागा आणि छापून घ्या. केडीई आयटिनररी या प्रवासाच्या ॲपमध्ये ती नीट लागतात. सिंगापूरचं आगमनपत्र आणि जपानचं व्हिजिट जपान वेब दोन्ही ब्राउझरमध्ये भरता येतात.

निघण्याच्या आदल्या रात्री सिस्टिम अपडेट करू नका. त्याऐवजी आधीच्या एखाद्या रविवारी ठाण्याहून लोकलने बेलापूरला जा, मोबाइल डेटा दिवसभर बंद ठेवून. रस्ता, तिकीट, टू-फॅक्टर कोड, सगळं त्याच फोनवर. जे अडेल ते त्या रात्री दुरुस्त करा.

हॉटेलचं वायफाय जोडलं, पण साइन-इनचं पान येत नाही

हे सर्रास होतं. कारण बहुधा तुम्ही काळजीपोटी लावलेला प्रायव्हेट डीएनएस (साइटचे पत्ते गुप्तपणे शोधून देणारी सेवा) किंवा व्हीपीएन असतो. हॉटेलचं नेटवर्क साइन-इन होईपर्यंत बाहेर काहीच जाऊ देत नाही, आणि तुमचा फोन त्याच्या डीएनएसवर विश्वास ठेवायला तयार नसतो. दोन्ही तात्पुरते बंद करा. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये neverssl.com उघडा. ते मुद्दाम साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर ठेवलेलं आहे, त्यामुळे हॉटेलला तिथून तुम्हाला आपल्या पानाकडे वळवता येतं. साइन-इन झालं की प्रायव्हेट डीएनएस आणि व्हीपीएन लगेच पुन्हा चालू करा.