'साहित्यातली कला' हा विषय घेताय? मग आधी हे वाचा

'साहित्य आणि कलेचं सामर्थ्य', 'साहित्यातून घेतलेला कलेचा शोध' असा काहीतरी विषय डेझर्टेशनला घ्यायचा विचार चाललाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी एम.ए.ला हाच विषय घेतला होता, पुढचं कामही याच्याच आसपास झालं, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच की सुरुवात कुठून करू, तर एकदाच काय ते सगळं सांगून टाकते.

विषय ऐकायला भारी आहे पण हातातून फार सटकतो. सिनॉप्सिस लिहायला बसलं की 'कला माणसाला जगवते', 'कला काळावर मात करते' अशी वाक्यं आपोआप यायला लागतात, छान वाटतात, आणि ती कुठल्याही पुस्तकाला चिकटवता येतात हीच अडचण आहे. आमच्या गाईड मॅडम अशा वाक्याखाली पेन्सिलीने एकच शब्द लिहायच्या, 'कोणाला?' कला जगवते, कोणाला? काढणाऱ्याला, बघणाऱ्याला, की ज्याने पैसे मोजले त्याला? आणि त्यात मेलं कोण? माझं निम्मं काम या एका पेन्सिलीवर उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल.

आता मुद्द्याचं. गोष्टीत एखादं महान चित्र आहे असं लेखक सांगतो, पण पानावर चित्र नसतंच ना! गाणं असतं तेही ऐकू येत नाही. आपल्या हाती काय लागतं, तर ते चित्र बघणारी माणसं, ते काय बोलतात, कोण गप्प बसतं, कोणाला झोप लागत नाही. म्हणून पात्रं कलेबद्दल काय वाक्यं फेकतात ते अंडरलाइन करत बसू नका, कलाकृतीसमोर उभ्या असलेल्या माणसाचं काय होतंय ते बघा. अंडरलाइन करण्याजोगी वाक्यं बहुतेक वेळा लेखकाने मुद्दाम एखाद्या बावळट पात्राच्या तोंडी घातलेली असतात.

उदाहरणाला शाकुंतलचा सहावा अंक घ्या. शाळेत सगळ्यांना अंगठीची गोष्ट माहीत असते, पण या विषयासाठी खरा खजिना अंगठी सापडल्यानंतर आहे. दुष्यंताला सगळं आठवलंय, शकुंतला तर गेली, आणि त्याने स्वतः काढलेलं तिचं चित्र दासी घेऊन येते. चित्रात शकुंतला आणि तिच्या दोन मैत्रिणी. राजा बघत बसतो आणि म्हणतो अजून अपुरं आहे, मालिनी नदी काढायची राहिली, वाळूत हंसांची जोडी हवी, आणि झाडाखाली काळविटाच्या शिंगावर आपला डावा डोळा घासणारी हरिणी हवी. जरा थांबा इथे. ज्याने या बाईला भरदरबारात ओळख दिली नाही त्याला आता त्या आश्रमातली हरिणी कुठला डोळा घासते हेसुद्धा आठवतंय! मग चित्रातला भुंगा शकुंतलेच्या चेहऱ्याकडे येतोय असं त्याला वाटतं, तो त्याला हाकलतो, ऐकत नाही म्हणून कमळात कोंडून ठेवीन अशी धमकी देतो. शेवटी विदूषक म्हणतो, अहो, चित्र आहे हे. आणि राजा कळवळतो की मी तिला प्रत्यक्ष बघत होतो, तू आठवण करून देऊन तिचं परत चित्र करून टाकलंस.

यात बघणारे किती आहेत ते मोजा. राजा तर पार बुडालेला. विदूषक शुद्धीवर, पण तोही मनात म्हणतो की याच्या संगतीने मीही वेडा व्हायचो. आणि अदृश्य होऊन सगळं बघणारी अप्सरा सानुमती, ती म्हणते मलाही आत्ता कळलं की हे चित्र आहे. त्यापलीकडे प्रेक्षागृहात बसलेले आपण. एकच चित्र आणि चार अंतरांवरून बघणारे चार जण, आणि कालिदासाने 'कलेचं सामर्थ्य' हे शब्द कुठेही वापरलेले नाहीत.

इथेच साधारणीकरण कळायला लागतं, म्हणजे पात्राची भावना त्याची एकट्याची न राहता बघणाऱ्या सगळ्यांची होणं, जे थिअरीच्या पेपरला आपण घोकून लिहितो. राजा रडतोय ते त्याची स्वतःची बायको हरवलीय म्हणून, तो रस, म्हणजे कलेतून मिळणारा आस्वाद, नाही, दुःख आहे. आपल्या घरचं कोणी हरवलेलं नाही तरी आपला गळा दाटतो आणि वर आपल्याला ते हवंहवंसं वाटतं. भट्टनायक, अभिनवगुप्त या रसावर लिहिणाऱ्या जुन्या संस्कृत आचार्यांची सगळी झटापट त्या फरकासाठी आहे. आधी अंक वाचा, मग थिअरी. उलट केलं की अंक म्हणजे नुसता थिअरीचा पुरावा होऊन बसतो आणि भुंगा उडून जातो.

दुसरं, सांगतंय कोण ते बघा. अकुतागावा या जपानी लेखकाची 1918 सालची एक कथा आहे, नरकाचं चित्र असलेल्या पडद्याची. योशिहिदे नावाचा चित्रकार, जे डोळ्यांनी बघितलं नाही ते मला काढता येत नाही म्हणणारा. सरदाराने नरक काढायला सांगितलाय. तो म्हणतो जळत्या रथातली बाई बघायला मिळाली पाहिजे. सरदार हो म्हणतो, आणि रथात चित्रकाराच्याच मुलीला बांधून आग लावतो. बाप आधी तडफडतो आणि मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक विलक्षण आनंद येतो. चित्र पूर्ण होतं, सगळे थक्क होतात, आणि तो गळफास घेतो.

बहुतेक जण यावर लिहितात की कलावंताचं वेड, कलेसाठी दिलेली किंमत वगैरे. ठीक आहे. पण ही गोष्ट सांगणारा माणूस त्याच सरदाराचा जुना नोकर आहे! तो सारखा मालकाची बाजू सावरतो, मालकाचा त्या मुलीवर डोळा होता ही नुसती अफवा आहे असं पुन्हा पुन्हा सांगतो, आणि जितकं जास्त सांगतो तितका आपला संशय वाढतो. म्हणजे 'चित्रकार राक्षस होता' ही समजूतच मुळात सत्तेच्या घरातून आलेली असू शकते. किंमत दिली कोणी, तर त्या मुलीने, जिला कोणी विचारलंसुद्धा नाही. 'कोणाला?' वाली पेन्सिल इथे बरोब्बर लागते.

सत्तेचा हा धागा मराठीत हवा असेल तर कट्यार काळजात घुसली बघा, 1967 चं नाटक. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ. आपण गाण्यांत एवढे रमतो की गायनाचं बक्षीस म्हणून खुनाची माफी मिळते हे किती भयंकर आहे ते डोक्यातच येत नाही. नटसम्राट (1970) बहुतेक सगळ्यांना घ्यायचं असतं आणि घ्याच, फक्त 'कृतघ्न मुलं' यावर पानं खर्च करू नका. त्यातला म्हातारा नट म्हणजे बेलवलकर, त्यांच्या तोंडात आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं राहिलीत. त्यांना स्वतःचं दुःख बोलायचं असतं तेव्हा त्यातलं त्यांचं किती आणि भूमिकांचं किती, हे एका स्वगतावर तरी ओळीओळीने करून बघा. भाषेने माणूस सावरला जातोय की त्याच भाषेत अडकलाय, यावर माझं मत अजूनही दर वाचनाला बदलतं.

कलेच्या अर्थाबद्दल, म्हणजे एखादी गोष्ट कला ठरते तरी कशी, यावर काफ्काची 1924 ची जोसेफिनवरची कथा वाचा, त्याच्या अगदी शेवटच्या दिवसांतली. उंदरांच्या समाजातली गायिका. सांगणारा उंदीर म्हणतो ती गाते म्हणजे नक्की काय करते कोण जाणे, आपण सगळे चूंचूं करतो तसंच करते, कदाचित आमच्यापेक्षा कमीच. तरी ती उभी राहिली की सगळे गोळा होऊन चिडीचूप. मग तो म्हणतो, अक्रोड फोडणं ही काही कला नाही, पण कोणी लोक जमवून त्यांच्यासमोर अक्रोड फोडले आणि लोक रमले, तर? अवघड वाटली तर वाटू दे. जोसेफिनला रोजच्या कामातून सूट हवी असते, ती मिळत नाही, एवढा धागा धरून ठेवा म्हणजे हरवणार नाही. भाषांतरातून वाचाल ते कोणाचं आहे याची नोंद पहिल्याच दिवशी करा, शेवटी शोधताना जीव जातो.

थिअरी किती वाचायची? हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाशात काव्याची सहा प्रयोजनं, म्हणजे काव्य कशासाठी याची कारणं, सांगितलीत, ती मूळ श्लोकासकट लिहून ठेवा, त्यात यशानंतर लगेच पैसा येतो हे मला फार आवडतं, उगाच सोवळेपणा नाही. फडके-खांडेकरांचा 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' वाद माहीत असू द्या पण त्यावर स्वतंत्र प्रकरण काढू नका, दोन्ही बाजूंचं पाठ केलेलं तेच तेच परीक्षकांनी ढिगाने वाचलंय. रा. भा. पाटणकरांचं सौंदर्यमीमांसा (1974) जड आहे, सलग वाचायचा हट्ट नको, तुमच्या टेक्स्टने एखादा प्रश्न उभा केला की त्यापुरतं प्रकरण उघडा. मर्ढेकरांचं सौंदर्यशास्त्रावरचं लेखनही तसंच.

टेक्स्ट किती घ्यायचे, तर दोन, फार तर तीन. प्राचीन ते आधुनिक असा पट मांडायचा मोह होतो, पण एवढ्या पानांत तो जमत नाही, नुसती यादी होते. दोन टेक्स्ट असे निवडा की एकमेकांशी भांडतील. शाकुंतलात चित्र बघणारा हरवतो, आणि बाल्झाकच्या 1831 च्या कथेत म्हातारा चित्रकार वर्षानुवर्षं एका बाईचं चित्र रंगवत बसतो, शेवटी दोन चित्रकारांना दाखवतो तर त्यांना नुसते रंगांचे थर दिसतात आणि कोपऱ्यात एक अप्रतिम पाऊल. इथे काढणाऱ्याला सगळं दिसतंय आणि बघणाऱ्यांना काहीच नाही. ही जोडी शेजारी ठेवली की प्रश्न आपोआप तयार होतात, तुम्हाला ओढूनताणून आणावे लागत नाहीत.

नोंदी काढताना मी प्रत्येक प्रसंगाला एक पान द्यायचे. डावीकडे मूळ उतारा पान नंबरसकट, उजवीकडे फक्त कोण बघतंय, कुठून बघतंय, बघून झाल्यावर त्याने काय केलं. स्वतःचं मत त्या पानावर लिहायचंच नाही. कंटाळवाणं आहे, पण लिहायला बसल्यावर तीच पानं कामाला येतात, बाकीचे हायलायटर मारलेले पीडीएफ परत कोणी उघडत नाही.

व्हायवाला हमखास विचारतात, 'मग शेवटी कलेचा उपयोग काय?' बाहेरून आलेले परीक्षक असले तर नक्कीच. तिथे भाषण द्यायचं नाही. मी सहावा अंक उघडला आणि विदूषकाने 'चित्र आहे' म्हणून सांगितल्यावरचं राजाचं बोलणं वाचून दाखवलं. त्यांनी लगेच उलट विचारलं, मग विदूषकाने सांगायला नको होतं का? त्यावर आमचं बराच वेळ चाललं. तुम्हीही याचं उत्तर तयार ठेवा, आणि विदूषकाची बाजू घेणार असाल तर सानुमतीचं काय करायचं तेही बघून ठेवा.