जास्वंदीचं तेल: ओलावा राहू देऊ नका

पेडण्याकडच्या आमच्या अंगणात तुळशीशेजारी लाल जास्वंद आहे. देवाला वाहून उरलेल्या फुलांचं केसांसाठी तेल करायची घरची जुनी रीत. फूल पाच पाकळ्यांचं, एकेरी, लाल घ्यावं. देठ, हिरवा भाग आणि मधला परागांचा दांडा काढून टाकायचा.

तेल बिघडतं ते ओलाव्याने. म्हणून पाकळ्या धुऊन, फडक्यावर पसरून सावलीत एक-दोन दिवस सुकू द्याव्यात. पावसाळ्यात आपल्याकडे त्या सुकता सुकत नाहीत, बुरशी मात्र धरते. वर्षाचं तेल मी एप्रिलमध्येच करून ठेवते. पाव लिटर घाण्याच्या खोबरेलात दहा-बारा फुलांच्या पाकळ्या घालून अगदी मंद आचेवर ठेवा. तडतड थांबली, पाकळ्या कुरकुरीत झाल्या की लगेच उतरवा. पाकळ्या करपल्या तर तेलाला जळका वास येतो आणि तो जात नाही. गार झाल्यावर मलमलीतून गाळून कोरड्या काचेच्या बाटलीत भरा.

पानंही टाकू नका. मूठभर पानं पाण्यात चुरली की बुळबुळीत रस निघतो, त्याने केस धुतले की मऊ होतात.

टकलावर केस उगवतील अशी आशा मात्र धरू नका. पहिल्यांदा कोपरावर लावून पाहा, खाज आली तर सोडून द्या. जास्वंदीचा काढा गरोदरपणात घेऊ नये. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर काढा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.