जुने कौलारू घर कमी खर्चात राहते करताय? या चुका टाळा

कोकणातले जांभ्याचे, मंगळुरी कौलांचे घर पाच-दहा वर्षे बंद राहिले की उघडल्या उघडल्या नजर जाते ती भिंतींवर. पोपडे, काळे डाग, ओलीचा वास. मग पहिला खर्च रंगावर होतो आणि पुढच्या श्रावणात तो रंग सुटून जमिनीवर पडतो. पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: छप्पर, घराबाहेरचे पाणी, वीज, त्यानंतर गिलावा आणि अगदी शेवटी रंग. छप्पर आणि रंग यांच्यामध्ये एक पावसाळा जाऊ देता आला तर फारच चांगले. राहिलेली गळती तेव्हाच दिसते.

ओल कुठून येते हे न पाहता उपाय करणे

वरून खाली ओघळ आलेले असतील तर दोष छपराचा. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा आणि त्यावर पांढरी पूड, म्हणजे लोणा, दिसत असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. कपाटामागे किंवा कोपऱ्यात फक्त काळी बुरशी असेल तर तिथे हवा खेळत नाही. खात्री नसेल तर एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून 48 तास ठेवा. पाणी आतल्या बाजूला जमले तर ते भिंतीतले, बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतले. हवेतल्या ओलीवर खर्च जवळजवळ नाहीच: कपाट भिंतीपासून चार इंच पुढे ओढा आणि समोरासमोरच्या खिडक्या रोज उघडा.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीचे कारण बहुतेक वेळा अंगणात सापडते. वर्षानुवर्षे माती आणि पालापाचोळा साचून जोते बुजलेले असते. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किमान नऊ इंच खाली जाईल इतकी माती काढा. भिंतीलगत दोन-तीन फूट रुंद पट्टा असा करा की दर तीन फुटांना एक इंच उतार बाहेरच्या दिशेला मिळेल. पागोळी जिथे पडते तिथे चर हवा आणि त्याला वाट हवी, नाहीतर तो नुसता खड्डा. ही दोन-तीन दिवसांची मजुरी वाचवून आतून वॉटरप्रूफिंगची रसायने फासली जातात. त्याने ओल अडत नाही, आणखी वर चढते.

मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटचा थर पाणी बाहेर पडू देत नाही, त्यामुळे ते मागेच अडकते. मातीच्या भिंतीवर तर सिमेंट धरतच नाही: भिंत मऊ, थर कडक, दोघांचे फुगणे-आक्रसणे वेगळे. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज आला की समजावे, थर सुटला आहे आणि आत भिंत भिजते आहे.

सगळा गिलावा पाडायची गरज नाही. दिवाळीनंतर खालचे तीन-चार फूट काढा, सांध्यांतली भुसभुशीत माती खरवडा आणि भिंत उन्हाळ्यापर्यंत उघडी सुकू द्या. मग एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू असा गिलावा दोन पातळ थरांत करा. समुद्राची वाळू अजिबात नको, तिच्यातले मीठ ओल खेचत राहते. चुन्याचा गिलावा सावलीत हळूहळू वाळायला हवा, म्हणून आठवडाभर हलके पाणी शिंपडा. मातीच्या भिंतीला माती, भाताचे तूस आणि शेण यांचाच गिलावा बरा.

कौले मिळतील ती आणणे

मंगळुरी कौले एकमेकांत अडकतात ती त्यांच्या खाचांमुळे, आणि या खाचा प्रत्येक कारखान्याच्या वेगळ्या. फुटलेले कौल उलटे करून त्यावरचा शिक्का वाचा आणि जुने घर मोडणाऱ्यांकडून त्याच शिक्क्याची कौले घ्या. दुसऱ्या छापाचे कौल वर बसलेले दिसते, पण बाजूच्या फटीतून वाऱ्याचा पाऊस आत येतो. वेगळ्या छापाचीच मिळाली तर सगळी एका बाजूच्या पडवीवर घाला, मधेमधे मिसळू नका. चौरस मीटरला साधारण पंधरा-सोळा कौले लागतात, त्यावर दहा टक्के जास्त धरा. रिपांमधले, म्हणजे कौले ज्यांवर टेकतात त्या आडव्या लाकडी पट्ट्यांमधले, अंतर सुमारे 32 सेंटिमीटर असते, तरी ठोकण्याआधी आपल्याच कौलावर मोजून घ्या.

कौलांखाली ताडपत्री रिपांवर सपाट पसरतात, तीही चूक. गळलेले पाणी रिपेशी थबकते आणि रीप कुजते. ताडपत्री रिपांच्या खाली, दोन वाशांमध्ये थोडा झोळ देऊन, टोक भिंतीच्या बाहेर येईल अशी लावा. कौले परतण्याचे काम मृगाच्या आत संपले पाहिजे. एक काचेचे कौल माजघरावर बसवा. एवढ्याने अंधारी खोली जितकी बदलते तितकी महागड्या रंगानेही बदलत नाही.

चुना जाड लावणे

ओला चुना पारदर्शक दिसतो, त्यामुळे झाकले नाही असे वाटून लोक दाट हात देतात. वाळल्यावर त्याला भेगा पडतात आणि पाठीला पांढरे लागत राहते. एक किलो चुन्याला सुमारे पाच लिटर पाणी, रात्रभर भिजवून कापडाने गाळायचे, वरून उकळलेला डिंक आणि चिमूटभर नीळ. भिंत आधी ओलसर करा. तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. चुनकळी, म्हणजे न विरवलेला चुना, विरवताना पाण्यात चुनकळी टाका, चुनकळीवर पाणी ओतू नका. ते उकळून उडते, डोळ्यांना चष्मा हवाच. प्लास्टिकच्या पातळ बादलीत हे करू नका. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंटवर चुना धरत नाही, तो रंग आधी पूर्ण खरवडावा लागतो.

फरशीवर ॲसिड

शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिडने डाग जातो, पण वरचा थरही खाल्ला जातो आणि फरशी कायमची खरखरीत होते. साबणाचे पाणी, ताठ ब्रश आणि गरज पडली तर मशीनने घासणे, एवढे पुरते.

वायरिंगसाठी भिंती खोदणे

जांभ्यात झिऱ्या पाडण्याची मजुरी मोठी आणि सांधे हलतात. पीव्हीसी केसिंग पट्टी भिंतीवरून न्या. दिव्यांना 1.5, प्लगला 2.5 आणि गिझरला 4 चौरस मिलिमीटरची वायर, नवे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. ओलीच्या घरात यात काटकसर नको. दिवे मात्र स्वस्तातले चालतील, फक्त 2700 ते 3000 केल्विनचे, पिवळसर घ्या.

दारे पावसात रंधणे

जुलैत दार अडकते म्हणून रंधा मारला की डिसेंबरात बोटभर फट दिसते. लाकूड फुगलेले असते, वाढलेले नसते. पावसात कडेला मेणबत्ती घासून भागवा आणि तरीही अडले तर मार्चमध्ये रंधा. दारावरचा जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाची 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून पाणी लावून वॉटर पेपरने घासा आणि लहान मुलांना त्या दिवशी दूर ठेवा. मग जवसाच्या तेलाचे दोन पातळ हात. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकतात. अंगणात दोरीवर एकेक पसरून वाळवा.